समासातला प्रश्न कोणाचा?

“त्या आत्मकथनाच्या अखेरीस जो प्रश्न येतो, तो मी हस्तलिखिताच्या समासात लिहून ठेवला होता. बाईंजवळ हकीकत होती. तिला लाभलेले मौन माझे आहे. ज्याला उत्तरच नाही असा प्रश्न संपादकाला कधी कधी पेरावा लागतो.”

आमच्या संपादक मंडळींच्या यंदाच्या स्मरणिकेत हे छापले आहे. लिहिणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत, माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, आणि त्यांनी मराठी वाङ्मयावर केलेले उपकार त्यांच्याइतके कोणालाच पाठ नाहीत. या उताऱ्यातील एकही विधान खरे नाही. मौन तर मुळीच नाही. ते त्यांना स्वतःलाच कधी लाभलेले नाही, तर दुसऱ्याला देणार कोठून?

प्रथम आमच्या मंडळींविषयी सांगतो. सोलापुरात राहून इतरांची पुस्तके नीट करणारी आम्ही सहा-सात माणसे दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या ओसरीवर जमतो. नोकरी कोणाचीच नाही. प्रकाशकाचे बोलावणे येईल तसे काम. हस्तलिखित एकाने संपादावे आणि अखेरचे मुद्रित दुसऱ्याने वाचावे, असा आमचा रिवाज आहे. ज्याने काम केले त्याला स्वतःची चूक दिसत नाही, या अनुभवातून तो आला. दुसऱ्यालाही ती दिसत नाही, हा अनुभव पुढे येतोच आहे.

ज्या पुस्तकावरून हा वाद, ते शहराच्या पूर्व भागातील एका निवृत्त शिक्षिकेचे. घरची भाषा तेलुगू, वडील हातमागावर चादरी विणणारे. बाईंनी साऱ्या आयुष्याची हकीकत फुलस्केप कागदांवर स्वहस्ते लिहिली होती. हस्तलिखित माझ्याकडे आले. शेवटच्या प्रकरणात वडील माग चालवता चालवता कोसळतात आणि चादर अर्धीच राहते. पुढचा परिच्छेद थेट बाईंच्या नोकरीवर जातो आणि तेथेच पुस्तक संपते. मला ते खटकले. मी पानाच्या तळाशी, कडेच्या मोकळ्या जागेत लिहिले, “मागावर अर्धी राहिलेली चादर पुढे कोणी पुरी केली?”

संपादकाने लेखकाला विचारलेल्या प्रश्नाभोवती वर्तुळ काढायचे असते. वर्तुळातला मजकूर टाइप करायचा नाही, हे अक्षरजुळणी करणाऱ्यांना ठाऊक असते. त्या एका प्रश्नाभोवती वर्तुळ काढायचे माझ्याकडून राहिले. प्रश्न टाइप झाला आणि पुस्तकाचे शेवटचे वाक्य होऊन बसला.

पुस्तक बांधून आले त्या दिवशी मी संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्याकडे धावलो. तीस वर्षे मराठी जुळवणारा माणूस, बोलणे मात्र दखनीच.

“सर, गोल नै किये आप,” पान पुढे सरकवून तो म्हणाला. “गोल रहता तो छोड देता मैं. कागद पे जो है सो मारा.”

त्याचे चुकले नव्हते. चूक माझी होती आणि पुढच्याच रविवारी ओसरीवर मी ती कबूल केली. तिचे स्वागत उत्साहाने झाले.

“अण्णा, वयोमानानं असं होणारच की,” प्राध्यापक म्हणाले. “एक कंपासपेटी आणून देऊ का?”

“आणा,” मी म्हणालो. “पण अखेरचं मुद्रित तुम्ही वाचलंत ना? शेवटची ओळ तुम्हाला दिसली नाही?”

“मी शुद्धलेखन पाहतो, अण्णा. आशयात ढवळाढवळ करीत नाही.”

पुढचे तीन रविवार मी त्या ओसरीवर ‘कंपासवाले अण्णा’ होतो.

मग पुण्याच्या एका समीक्षकाने त्या शेवटच्या ओळीवर दोन स्तंभ लिहिले. एका प्रश्नात साऱ्या कष्टकरी वर्गाची वेदना उभी राहते, वगैरे. आमच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडल्याची चित्रे पडू लागली. त्याच्या पुढच्या रविवारी माझी चूक ‘आपल्या मंडळींचा धाडसी प्रयोग’ झाली होती. दिवाळीच्या सुमारास प्राध्यापकांना ‘आमची त्यावर चर्चा झाल्याचे’ आठवू लागले. स्मरणिका निघेपर्यंत ‘आमची’चे ‘माझी’ झाले. जी चूक अंगाला लागू नये म्हणून हा मनुष्य शुद्धलेखनामागे लपला होता, तीच आता शालीसारखी पांघरून बसला.

एवढ्यावर मी हसून सोडूनही दिले असते. परंतु गेल्या महिन्यात प्रकाशकाचा फोन आला. नवी आवृत्ती निघते आहे. श्रेयपानावर ‘संपादन’ म्हणून प्राध्यापकांचे नाव येईल, माझे ‘साहाय्य’ म्हणून खाली. आणि शेवटचा प्रश्न मोठ्या अक्षरांत, स्वतंत्र पानावर. मी म्हणालो, तो प्रश्न पुस्तकाचा भागच नाही, तो काढा. प्रकाशक म्हणाले, “अहो, त्या ओळीवरच तर पुस्तक चाललंय!” प्रश्न ठेवायचा की काढायचा, हे बाईंनाच विचारले असते, पण गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या. पुस्तक पहिल्यांदा हाती घेतले तेव्हा त्यांनी शेवटचे पान वाचले आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या होत्या. ज्यांचे आयुष्य, त्या राहिल्या नाहीत, आणि त्यांच्या वडिलांच्या चादरीचे काय झाले ते एक प्राध्यापक ठरवणार!

गेल्या रविवारी मी ओसरीवर विषय काढला.

मोडनिंबचे एक सभासद मधे पडले. भला माणूस. “जाऊ द्या की अण्णा, लई ताणू नका. एका वळीनं काय हुतंय?”

“मग यांना सोडू द्या ती एक ओळ.”

“तुमच्याकडे पुरावा आहे का, अण्णा?” प्राध्यापकांनी शांतपणे विचारले. “समासात कोणीही लिहू शकतं.”

“आणि अक्षर?”

“अक्षर सगळ्यांचंच सारखं दिसतं हो या वयात.”

मंडळी हसली. मी उठून आलो; त्यांना वाटले, हरलो.

मला श्रेय नको, माझी चूक मला परत हवी आहे; आणि तो प्रश्न पुस्तकातून गेलेला हवा आहे. म्हणून, मंडळींच्या माहितीसाठी, जे आजवर कोणी विचारले नाही ते येथे लिहून ठेवतो. हस्तलिखित जुळणीला देण्याआधी मी समासातल्या साऱ्या प्रश्नांची यादी बाईंना टपालाने पाठवली होती. तेव्हा त्या बार्शीला मुलीकडे होत्या. त्यांचे उत्तर माझ्या नावे, माझ्या पत्त्यावर आले, पण शेवटचे पान छापून झाल्यावर. ते पत्र माझ्यापाशी आहे. त्यात सतराव्या, म्हणजे याच प्रश्नापुढे बाईंच्या हातचे लिहिले आहे: “चादर मी पुरी केली, सर. शाळेतून आल्यावर रोज थोडी थोडी. अकरा दिवस लागले.”