विहिरीवरचा पेंग्विन

काष्टीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावीला शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. त्या वर्गातली पोरं आता दहावीला आहेत. ती गोष्ट आठवली की आधी मला स्वतःची शिसारी येते. बाकीच्यांची त्यानंतर.

त्या वर्षी वरून आदेश आला होता, की प्रत्येक विषय कलेतून शिकवायचा. गणित नाचातून, विज्ञान चित्रातून, इतिहास नाटकातून. शिक्षकांच्या ग्रुपवर आदेश पडला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. स्टाफरूममध्ये सगळे कुरकुरले, "आता आमी नाचायचं का काय?" मला मात्र मनापासून आनंद झाला होता. शिकत असताना माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रंच असायची आणि त्यासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या. आता तेच करा असं सरकार सांगत होतं.

भूगोलात मातीचा धडा आला. जमिनीखाली काय काय असतं, असं मी विचारलं. तीन-चार जणांनी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, कधी हात वर न करणारी. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, मला म्हाईत हाय. आमचे पप्पा यारीवर हायेत."

यारी म्हणजे विहीर खोदताना दगड-माती वर ओढणारं यंत्र. तिचे वडील गावोगाव विहिरींच्या कामावर असायचे.

"सांग मग."

"आधी काळी. मग पांढरी. मग मुरूम. त्याच्याखाली मांजऱ्या. आन मग काळा खडक. खडक लागला की सुरुंग लावत्यात."

"मांजऱ्या कसा असतो?"

तिनं मुठीत काही धरल्यासारखं केलं. "हातात दाबला तर चुरा हुतो. पर अनवानी चाललं की रगत काढतो."

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं पिशव्यांतून माती आणायला लागली. कुणी मळ्यातली काळी, कुणी ओढ्याकाठची चुनखडी. त्या मुलीनं वडिलांकडून मांजऱ्याचे तुकडे आणि खडकाची कपची आणली. आम्ही ते सगळं कुटलं, ओढणीतून चाळलं, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवलं. रंग तयार झाले. वर्गाबाहेरच्या व्हरांड्याच्या मोकळ्या भिंतीवर विहीर काढायची ठरली.

तिच्या वस्तीवर खोदकाम चालू असलेली विहीर तोवर सात परस खोल गेली होती. परस म्हणजे पुरुषभर उंची, पण पुरुष केवढा धरायचा यावर वर्गात भांडणं झाली. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे मालक सिलेंडर घेऊन आले, त्यांना दाराशी उभं करून पोरांनी टेपनं मोजलं. साडेपाच फूट. सात साडेपाच किती, भिंतीवर एका परसाला एक वीत धरली तर कुठला थर किती वितीचा, हे सगळं फळ्यावर पोरांनीच केलं. मी फक्त खडू पुरवला. गुणोत्तर हा शब्द मी अगदी शेवटी सांगितला, तोवर ते त्यांचं करून झालं होतं.

दोन आठवडे लागले. हातांनी, चिंध्यांनी, बाभळीच्या चावलेल्या काड्यांनी विहीर उतरत गेली. प्रत्येक थराशेजारी पोरांनी आपल्या बोलीत एकेक ओळ लिहिली. तळाशी त्या मुलीनं पाणी काढलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अजून लागलं न्हाई, बाई. पप्पा म्हन्त्यात, अजून दोन परस."

इतका चांगला धडा मी आयुष्यात शिकवला नव्हता.

मग शिक्षण खात्याच्या साहेबांच्या भेटीचा निरोप आला. कलेतून शिक्षण कुठल्या शाळेत कसं चाललंय, ते पाहायला ते येणार होते. आमचे मुख्याध्यापक व्हरांड्यात आले, भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, हे काय? चिखल उडाल्यासारखं दिसतंय."

"सर, मुलांनी केलंय. भूगोल आहे, गणित आहे, भाषा…"

"ते बरोबर आहे हो. पण फोटोत काय दिसणार? बोलकी भिंत पाहिजे. मी पेंटर सांगितलाय."

मी म्हणाले, निदान दुसरी भिंत घ्या. ते म्हणाले, हीच फाटकातून दिसते. माझ्या वाटणीचा वाद तेवढाच झाला. पुढे मी बोलले नाही. बदल्यांचे दिवस जवळ आले होते आणि मला नगरला, सावेडीत माझ्या घराजवळची शाळा हवी होती. कारण हेच होतं, दुसरं सांगितलं तर खोटं होईल.

भिंत खरवडायला पेंटरनं माणूस आणला नव्हता. मुख्याध्यापकांनी सहावीचाच वर्ग बाहेर काढला. बादल्या, काथ्या, पत्र्याचे तुकडे. पोरांना आधी गंमत वाटली. मग काळ्या खडकापाशी पोचल्यावर ती मुलगी थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "आटपा पटापट, पेंटर खोळंबलाय." हे माझ्या तोंडचे शब्द. फरशीवरून लाल-काळं पाणी वाहत गटारात गेलं आणि मी ते चुकवायला साडी वर धरून उभी राहिले.

पेंटरनं मोबाईलमध्ये बघून दोन दिवसांत भिंत भरली. जिराफ, फुगे, डब्याडब्यात इंग्रजी अक्षरं असलेली आगगाडी आणि मधोमध, जिथं विहीर होती तिथं, स्कार्फ गुंडाळलेला पेंग्विन. मार्च संपत आला होता, बाहेर ऊन रणरणत होतं. वर ठळक अक्षरांत 'कलेतून शिक्षण, शिक्षणातून आनंद'. ऑइल पेंटचा वास खिचडीत मिसळला आणि दोन मुलं जेवता जेवता उठली.

भेटीच्या सकाळी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात नवे कोरे ब्रश दिले. मी ते पोरांना वाटले आणि भिंतीशी उभं केलं. "ब्रश पेंग्विनला लावून धरा. हसा."

"बाई, रंग कुठंय?" एकानं विचारलं.

"नुसतं धरायचं."

फोटो मीच काढले. मीच ते अपलोड केले.

साहेब आले, हार घातला, भिंतीसमोर स्वतःचे फोटो झाले. मग त्यांनी नेमकं त्याच मुलीला विचारलं, "काय बाळ, छान आहे चित्र. कुणी काढलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. काय उत्तर द्यायचं ते बाईंना विचारावं, तेवढंच होतं तिच्या नजरेत.

मी म्हणाले, "मुलांनीच काढलं, सर."

"व्वा," साहेब म्हणाले आणि चहाला गेले.

त्यानंतर ती मुलगी माझ्याशी वाईट वागली असं नाही. हजेरीला 'हजर बाई' म्हणायची, गृहपाठ पूर्ण आणायची. वार्षिक परीक्षेत जमिनीच्या थरांवर प्रश्न होता. तिनं पुस्तकातलं उत्तर लिहिलं होतं, काना-मात्रा न चुकवता. मी पैकीच्या पैकी गुण दिले. दुसरं काय देणार?

माझे फोटो वर आवडले. बदली झालीच, शिवाय पुढच्या वर्षी सावेडीतल्या एका सभागृहात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. पडद्यावर तो पेंग्विन दहा फुटांचा झाला. खाली दीडेकशे शिक्षक, निम्मे मोबाईलमध्ये. मी माईक धरला आणि काय झालं कोण जाणे, खरं ते सांगायला लागले. विहीर, परस, मांजऱ्या, खरवडलेली भिंत, कोरे ब्रश, साहेबांना दिलेलं उत्तर. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, मला बोल लावेल. कुणी लावला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

सभागृह हसलं. कुचेष्टेनं नाही, अगदी प्रेमानं, आपल्या घरातलीच गंमत ऐकल्यासारखं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमच्याकडं तर डॉल्फिन हाय!" पुन्हा हशा. टाळ्या पण झाल्या.

चहाच्या सुट्टीत शेवगावकडचे एक गुरुजी कप सावरत जवळ आले. वयस्कर, साधे, डोळ्यांवर जाड चष्मा. मला वाटलं, हे तरी काही बोलतील.

"ताई, लई मनापासून बोललात," ते म्हणाले. "त्या पेंटरचा नंबर भेटंल का? आमच्याकडचा लई कच्चा हाय, पोपटसुदिक कावळ्यासारखा काढतो."

मी नंबर दिला. मोबाईलमध्ये होताच.

दुपारचं सत्र मी घेणार नाही, डोकं दुखतंय, असं संयोजकांना सांगितलं. ते बिचारे भले. म्हणाले, "काही हरकत नाही मॅडम, आराम करा. फक्त हजेरीवर दोन्ही सत्रांच्या सह्या करून जा, नाहीतर आमची पंचाईत होते." मी दोन्ही सह्या केल्या.

घर तिथून स्कूटरवर दहा मिनिटांवर. आल्या आल्या मी अंगावरच्या साडीसकट न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आले तर नवरा दारात उभा, माझ्या ओल्या केसांकडे बघत.

"कुणी गेलं का?" त्यानं विचारलं. "मयतीवरून आलीस?"

मला हसू आलं, मग उमासा आला. मी बेसिनकडे पळाले.