क्लचकाकू

काकूंना मोटरसायकल चालवता येत नव्हती, पण क्लचवर त्यांच्याइतका अधिकार असलेलं माणूस सगळ्या वस्तीत शोधून सापडलं नसतं. बावीस वर्षं त्या जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर बसून क्लच धरत होत्या.

त्याचं असं होतं. काकांचा धंदा धार लावायचा. सुऱ्या, कात्र्या, कोयते, ज्याला म्हणून पातं आहे ते काकांच्या हातचं. चौकात पोचलं की ते गाडी डबल स्टँडवर चढवायचे आणि मागच्या चाकावरून एक पट्टा धारेच्या दगडाला जोडायचे. गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली की चाक फिरे आणि चाकाबरोबर दगड. पण काकांचे दोन्ही हात पात्यावर, मग गाडी सांभाळायची कोणी? काकूंनी. उजव्या हातात अॅक्सिलरेटर, डाव्या हातात क्लच. कोयत्याला क्लच जवळजवळ सोडायचा, सुरीला निम्मा, आणि शिंप्याच्या कात्रीला सोडला न सोडल्यासारखा. पोरंटोरं त्यांना क्लचकाकू म्हणत, आणि काका म्हणत, "आमची ही उंटावरून शेळ्या हाकते." काकू हसत. हाकत होत्या हे खरंच होतं.

अर्धा क्लच दिवसभर धरला तर प्लेटा टिकतील कशा? दर तीन-चार महिन्यांनी त्या झिजून कागद व्हायच्या. मेकॅनिक म्हणायचा, "काका, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं मिळाली तर मला बाकीची दुकानदारी बंद करता येईल." एके दिवशी तर कहरच झाला. चढावर इंजिन गळा काढून रडतंय आणि गाडी मात्र ढिम्म! काकूंना उतरून मागून ढकलावं लागलं, आणि ढकलताना डावा हात लागला तशी त्या कळवळून ओरडल्या. काकांनी वळून पाहिलं. मनगट सुजलेलं होतं. काकू कित्येक दिवस ते लांब बाहीखाली लपवत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच गाडी ढकलत मेकॅनिककडे गेले आणि संध्याकाळी छाती फुगवून परत आले. हँडलच्या डाव्या बाजूला लिव्हरच नव्हती.

"आटोमॅटिक!" काका म्हणाले. "वेग वाढला की आपोआप पकडतो, कमी झाला की सोडतो. धरायला माणूस नको. आणि हे बघ, दगडाजवळ पायाने दाबायचं अॅक्सिलरेटरचं पेडल. पाय दाबला की दगड फिरला, उचलला की थांबला. आता तू घरी बसायचं, आराम करायचा. बावीस वर्षं पुष्कळ झाली."

काकांना वाटलं, ही आता खूश होईल. माणूस भोळा. बायकोच्या मनगटासाठी त्याने गाडीचं पोट फाडून घेतलं होतं. आणि काकूंना काय वाटलं? त्यांना वाटलं, आपल्याला कामावरून काढलं. त्या म्हणाल्या, "छान झालं हो," आणि चहा टाकायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मुलगी सासरी, मुलगा परगावी नोकरीला. सकाळी आठला काका गेले की घर खायला उठायचं. पहिल्या दिवशी काकूंनी पडदे धुतले. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं केलं आणि होतं तसंच पुन्हा लावलं. शेजारीण म्हणाली, "सुटलात बाई एकदाच्या, उन्हातान्हात त्या गाडीवर बसायचं म्हणजे!" काकू तिच्यावर उगाचच डाफरल्या आणि मग तिलाच डबाभर शेव देऊन आल्या. उन्हातान्हाचा त्यांना कधी त्रास नव्हता. चौकातली माणसं, त्यांच्या कात्र्या, कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळं, आणि समोर वाकलेली काकांची पाठ, हे त्यांचं जग होतं. ते एका लिव्हरबरोबर निघून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी काका भर दुपारी परत आले. गाडी लावली आणि काहीतरी पाठीमागे धरून आत सटकू लागले.

"काय लपवताय?"

"कुठे काय!"

काकूंनी हात पुढे केला. नवऱ्याच्या पाठीमागे काय आहे हे ओळखायला बायकोला डोळे लागत नाहीत. ती टेलरमास्तरांची मोठी कात्री होती. टोकाकडचा बोटभर भाग निळा पडला होता. दगडावर तापून पोलादाचं पाणी उतरलं होतं. असल्या टोकाने कापड कापलं जात नाही, चावलं जातं.

"क्लचच बेकार," काका म्हणाले. "एक तर पकडत नाही, नाहीतर एकदम झडप घालतो. अधलंमधलं काही नाहीच त्याला."

"पण दगडाचा आवाज बारीक झाला असेल ना आधी? पातं तापायला लागलं की होतो तसा?"

"कसला आवाज?"

काकू बघतच राहिल्या. काकांचा डावा कान केव्हाच राजीनामा देऊन बसला होता, उजवा अर्धवेळ कामावर यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो आवाज यांनी कधीच ऐकला नाही? दगड बारीक किंचाळू लागला की काकू न बोलता क्लच थोडा दाबत, दगड दमाने फिरे, पातं वाचे. दिवसातून पन्नास वेळा. काकांना वाटायचं, आपला हात हलका. काकूंना वाटायचं, यांना कळतंय.

काकांच्याही डोक्यात हळूहळू उजेड पडला. ते खुर्चीत टेकले. "म्हणजे आजवर धार मी लावत होतो आणि ती राखत होतीस तू," ते म्हणाले. मग ताडकन उठून, "चल. मेकॅनिककडे जाऊ. जुना क्लच परत बसवू. तू बस आपली गाडीवर."

तीन दिवस काकू ह्याच शब्दांची वाट बघत होत्या. पण त्यांनी आपलं मनगट बघितलं. सूज ओसरली होती. सकाळी कितीतरी महिन्यांनी त्यांनी बरणीचं झाकण स्वतः उघडलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या.

"मग?"

"लिव्हर धरायला नाही येणार मी. कात्री धरायला येईन."

काका आधी हसले. मग म्हणाले, "अगं, बोटं कापशील!"

"तुमची दहाच्या दहा शाबूत आहेत ना? ती कोणामुळे?"

काकांनी मागच्या अंगणात गाडी स्टँडवर चढवली आणि पट्टा घातला. काकू दगडापुढे बसल्या. पहिल्यांदा घरातली जुनी कात्री घेतली, तिची त्यांनी करवत केली. काका काही बोलणार होते, पण काकूंनी वर पाहिलं आणि ते पाणी आणायला गेले. दुसऱ्या कात्रीला काकूंनी डोळे मिटून घेतले. पाय हळूहळू दाबत नेला. इंजिन गुणगुणलं, क्लच पकडू का नको अशा बेतात आला, दगड जड जड फिरायला लागला. तिथेच त्यांनी पाय थांबवला. अधलंमधलं होतं की! अगदी केसाएवढं होतं, पण होतं. ऐकू येणाऱ्याला सापडणारं होतं.

मग मास्तरांची कात्री. निळा भाग सावकाश घासून काढायचा होता, तोही नवा निळा न होऊ देता. चटका बसायच्या आत पातं पाण्यात, पुन्हा दगडावर, पुन्हा पाण्यात. दीड तास गेला. काका पाण्याचा डबा धरून शेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांचे पाय मेले होते, पण हलायची त्यांची छाती झाली नाही.

दुकानात मास्तरांनी अस्तराच्या कापडाची चार पदरी घडी केली आणि कात्री टोकापर्यंत मिटली. कापडाचे न चुरगळता सरळ दोन तुकडे झाले. त्यांनी पुन्हा एकदा, नुसत्या टोकाने कापून पाहिलं.

"काका, टोक जरा आखूड झालंय. पण आज हात काही निराळाच लागलाय."

काकू दाराशी उभ्या होत्या. दोन शब्द न बोलता काकांना ती शाबासकी खिशात घालता आली असती, आणि मग उद्यापासून पुन्हा पडदे.

काका खाकरले. "हात माझा नाही, मास्तर. टोक जाळलं ते मी. लावलं ते हिने."

मास्तरांनी चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं. मग उठले, आतून एक कात्री कापडात गुंडाळलेली घेऊन आले आणि काकांना ओलांडून काकूंच्या हातात दिली.

"ही आमच्या वडिलांची. आजवर तुम्हाला दिली नव्हती, काका. रागावू नका."

काका रागावले. चांगले रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत रागावलेले होते. वाटेत मेकॅनिकचं दुकान लागलं, तिथे थांबून त्यांनी काकूंची करामत त्याला तिखटमीठ लावून सांगितली. क्लच पकडू का नको अशा बेतात दिवसभर धरून ठेवायचा, हे ऐकून मेकॅनिकचा चेहरा उजळला. "म्हणजे हाही झिजणार! या, या, आनंदाने या."

घराशी काकू उतरल्या. कात्रीचं गाठोडं त्यांनी छातीशी धरलं होतं. काकांनी इंजिन बंद केलं आणि जरा घुटमळले. बावीस वर्षं निघायची वेळ ते ठरवत आले होते. ते गाडी चालू करत आणि काकू हातातलं काम टाकून येऊन बसत.

"अगं," काका म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

काकूंनी थोडा विचार केला. घाई कशाला करायची.

"साडेआठला," त्या म्हणाल्या. "आणि गाडी पुसून ठेवा."