वाळूतली मेथी

"तिकडे काय खाणार ही? वाळू?"

आत्या हे बाबांना म्हणाली, बाहेरच्या खोलीत. आवाज खाली आणायची तिला सवय नाही. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. शेवटचा थेंब पडून गेला तरी गाळणी तशीच धरून उभी राहिले, कारण ट्रे घेऊन बाहेर गेले असते तर पुढचं वाक्य ऐकायला मिळालं नसतं.

पुढचं वाक्य असं होतं : "आणि वर्गासमोर बोलणार कोण? इथे पाणी हवंय का विचारलं तरी ही मान हलवते."

आत्या बाबांची मोठी बहीण, शाळेत आयुष्य घालवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्यासमोर बाबा अजूनही बाकावर बसल्यासारखे बसतात. मी चहा नेला, कप ठेवले. आत्याने विचारलं, "साखर घातलीस ना?" मी मान हलवली. तिने बाबांकडे पाहिलं.

मला मालदीवमधल्या एका लहान बेटावर शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. दोन वर्षांची. कोथरूडमध्ये मी एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवत होते. मला ही नोकरी मिळाली कशी, याचं घरच्यांना नवल वाटत होतं. मला नव्हतं वाटत. वर्गात मी बोलते, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलते. घरात कुणी ते ऐकलं नव्हतं, एवढंच. शाळेत सगळं इंग्रजीत आणि घरी सगळं मराठीत, अशी मी वाढले. आत्यासमोर मराठी आकडा चुकला की तो तिला चेष्टेला जेवण होईपर्यंत पुरायचा. म्हणून मी कमी बोलायला शिकले. बाकीची कारणं आहेत, ती इथे लिहीत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. शाळेला तब्येतीचा दाखला हवा होता आणि माझं हिमोग्लोबिन साडेनऊ आलं. आमच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा वर केला. "सकाळी काय खातेस?"

"चहा."

"आणि?"

"बिस्किटं."

"दुपारी?"

मी डब्याचं सांगितलं. तो अर्धा परत येतो, हे बरोबर आलेल्या आईने सांगितलं.

"गोळ्या मी देते," बाई म्हणाल्या. "सही नाही देणार. तिथे बेटावर चक्कर येऊन पडलीस तर गोळ्या कोण आणून देणार? सहा आठवडे आहेत. जेवायला शीक."

घरी आल्यावर बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "सहा आठवड्यांत बाईंनी सही केली, तर मी नाही म्हणणार नाही. पण जाणार आहेस हे ताईला तू सांगायचंस. माझ्या तोंडून नाही. तुझ्या."

सही मला अवघड वाटली नाही. दुसरी अट वाटली.

त्या बेटावर आधीपासून शिकवणाऱ्या एक बाई होत्या, मूळच्या सांगलीच्या. शाळेने त्यांचा नंबर दिला होता. व्हिडिओवर त्या दिसल्या तेव्हा त्यांच्यामागे एक पांढरी भिंत आणि दोरीवर वाळत टाकलेली साडी होती. तिथलं हवामान, पगार, कपडे असे प्रश्न मी लिहून काढले होते. त्यांनी कागद बाजूलाच ठेवायला लावला.

"भाजी होडीने येते," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा. वारा असेल तर नाही येत. मासे भरपूर. खातेस?"

मी मान हलवली. मग फोनवर त्यातून हो की नाही ते कळायचं नाही, हे लक्षात येऊन "नाही" म्हणाले.

"मीही नाही. पहिलं वर्ष मी नूडल्सवर काढलं. केस जायला लागले, जिना चढताना धाप लागायची. मग शहाणी झाले. मटकी, मूग, नाचणी इथून घेऊन ये, म्हणजे तिथून. नारळ इथे हवे तितके. आणि मेथीदाणे आण. माती इथे मिळत नाही, वाळू आहे. चांगली धुऊन घ्यायची, मेथी येते."

"वाळूत?"

"वाळूत. कोवळी असते. बोटभर वाढली की कापायची."

फोन ठेवला तेव्हा मला आत्याचं वाक्य आठवलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण सहा आठवडे काय करायचं ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी आईला म्हटलं की मी इथेच तिथल्यासारखं जेवून बघणार आहे. भाजी आठवड्यातून एकदा, रविवारी. बाकी दिवस घरात कडधान्य, पिठं, नारळ, कांदे-बटाटे असेल त्यावर.

"एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत," आई म्हणाली. "करायचं तर सगळ्यांनी करायचं. मी सुद्धा आणि हे सुद्धा."

"माझं हिमोग्लोबिन उत्तम आहे," बाबा म्हणाले.

"मग तुम्हाला सोपं जाईल."

रात्री मी पाहिलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल बॉलपेनने एकेक लहान होडी काढलेली होती. शिडासकट.

पहिल्या आठवड्यात मी मटकी कुजवली. मोड कसे आणायचे ते मी इंग्रजी व्हिडिओत पाहिलं होतं आणि आईला विचारायचं टाळलं होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, थोड्या पाण्यासकट, दोन दिवस. झाकण उघडल्याबरोबर आईने आधी खिडकी उघडली आणि मग डब्यात डोकावली.

"मटकी काय, लोणचं आहे का ते, झाकण लावून ठेवायला? तिला वारा लागतो." आईने सगळं पाणी कसं काढायचं, सुती फडक्यात पुरचुंडी कशी बांधायची आणि ती ओट्याच्या कुठल्या उबदार कोपऱ्यात ठेवायची ते दाखवलं. ती दाखवत असताना माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तिला स्वयंपाकातलं एकदाही काही विचारलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला फडकं सोडलं तर पांढरे, नखभर मोड जाळीसारखे कापडाबाहेर आले होते. मी त्यांचा फोटो काढला. परीक्षेतल्या मार्कांचा मी कधी काढला नव्हता.

जेवायला शिकणं म्हणजे काय, ते हळूहळू समजलं. सकाळी चहाऐवजी नाचणीची आंबील, ताक आणि जिरं घालून. डब्यात उसळ, वरून लिंबू, कारण लिंबू असलं की त्यातलं लोह अंगी लागतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. जेवणावर लगेच चहा नाही. हे सगळ्यात कठीण गेलं, मला नाही, बाबांना. घड्याळाकडे बघत ते तासभर पेपर वाचायचे आणि बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचे. चार वाजता हळिवाचा लाडू, ओल्या नारळातला. क्लासमधल्या एका मुलाने विचारलं, "मिस, तुम्ही रोज काहीतरी खात असता." मी म्हटलं, "हो. तूही खात जा." वर्गात मी अशी उत्तरं देते.

भाकरी मात्र आली नाही. नाचणीची भाकरी थापताना फाटायची ती फाटायचीच. शनिवारी होडी यायच्या आदल्या दिवशी ताटात फाटकी भाकरी, बटाटा आणि चटणी असायची. बाबा भाकरीचे तुकडे जुळवून नकाशा करायचे. "हे तुझं बेट," म्हणायचे, आणि खायचे.

वाळू मिळवायला मला चार दिवस लागले. शेजारच्या सोसायटीत प्लास्टरचं काम चालू होतं, फाटकाशी वाळूचा ढीग होता. तीन दिवस मी स्कूटर हळू करून पुढे जात होते. चौथ्या दिवशी थांबले. तिथले वॉचमन काका खुर्चीत बसले होते.

"काका, थोडी वाळू मिळेल का?"

"किती?"

"एक घमेलं."

"बांधकाम काढलंय का, ताई?"

"नाही. मेथी लावायची आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मेथीला माती लागती, ताई."

"जिथे जाणार आहे तिथे माती नाही."

मग त्यांनी स्वतः उठून चाळणीने चाळून दोन घमेली भरून दिली आणि स्कूटरच्या पायाशी ठेवली. अनोळखी माणसाशी मी मराठीत एवढी वाक्यं पहिल्यांदाच सलग बोलले होते. घरी येईपर्यंत मी ती मनात परत परत म्हणून पाहिली. एकही चुकलं नव्हतं.

माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. वाळू पाचदा धुतली, पेट्यांत पसरली, भिजवलेले दाणे दाट टाकले आणि पेट्या बाल्कनीत सावलीला ठेवल्या. तीन दिवसांनी वाळूतून पोपटी कोंब फुटले. मी दर चार दिवसांनी नवीन पेटी लावत गेले, म्हणजे एक कापून होईपर्यंत दुसरी तयार. पहिली कापणी वाटीभर निघाली. आईने ती आमटीत घातली. बाबांनी आमटी दोनदा घेतली.

सहावा आठवडा संपताना शनिवारी रिपोर्ट आला. साडेअकरा. डॉक्टरबाईंनी सही केली, शिक्का मारला आणि विचारलं, "सकाळी काय खातेस?" मी सांगितलं. दुपारी काय, तेही सांगितलं. मोड कसे आणायचे तेही सांगायला लागले, तेव्हा त्या हसल्या. "बाहेर पेशंट आहेत गं."

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले तर बाबा दाराशी उभे.

"कुठे?"

"भाजी आणायला. होडी."

"होडी नाही आज. समुद्र खवळलाय." ते अगदी गंभीर होते. कॅलेंडरवरच्या होडीवर त्यांनी फुली मारली होती. "सांगलीच्या बाई काय म्हणाल्या होत्या? वारा असला की येत नाही. ते राहिलं होतं बघायचं."

आई आतून म्हणाली, "अहो, मंगळवारी तुमची ताई जेवायला येणार आहे. तिच्या पानात काय वाढायचं, लाटा?"

"समुद्राला ताईचं काय."

मी पिशवी खुंटीला लावली. मला राग आला नाही. त्यांनी सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला परीक्षेला बसवलं होतं, आणि ज्याला नापास करायचं असतं त्याची कुणी एवढ्या बारकाईने परीक्षा घेत नाही, हे मला शिकवणारी म्हणून ठाऊक आहे.

आत्या मंडईपासून पाच मिनिटांवर राहते. रोज सकाळी स्वतः जाऊन भाजी निवडते. आमच्या कोथरूडला पोचेपर्यंत भाजीचं निवृत्तीचं वय होतं, असं आत्याचं मत आहे. त्यामुळे आमच्याकडे जेवताना ती पालेभाजी घेत नाही. "ठेव बाजूला," म्हणते.

मंगळवारी सगळा स्वयंपाक मी केला. आईने फक्त कूकर लावला आणि मग मुद्दाम बाहेर जाऊन बसली. मटकीची उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, ताक, भात. बाल्कनीतल्या तीन पेट्या एकदम कापल्या आणि भिजवलेली मूगडाळ, लसूण घालून भाजी केली. नाचणीच्या पाच भाकऱ्या केल्या, चार फाटल्या. पाचवी आत्याच्या पानात वाढली.

आत्याने आधी भाकरी उचलून उजेडात धरली. मग उसळ खाल्ली. मग पालेभाजीला हात लावला. थांबली. पुन्हा घास घेतला. तिच्या पानातली मेथी संपली, तरी आम्ही तिघंही आपापल्या पानात बघत जेवत होतो.

"मेथी चांगली आहे," ती आईला म्हणाली. "एवढी कोवळी मला महिन्यात दिसली नाही. ही इकडची नव्हे. मंडईत कुणाकडनं घेतलीत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि ती संपली तरी खाली ठेवली नाही. मी मान हलवली असती तर आई बोलली असती. ती तयार होती, तोंड उघडलंच होतं तिने. वर्गात कुणी प्रश्न विचारला की मी आधी खडू खाली ठेवते. मी वाढायला उचललेला डाव खाली ठेवला.

"मंडईतली नाही, आत्या. या घरात नऊ दिवस भाजी आलेली नाही. ही मी बाल्कनीत लावली, वाळूत. मी जातेय तिथेही वाळूच आहे, तिथेही लावेन. डॉक्टरांची सही झाली आहे, आणि वर्गात मला बोलता येतं. मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. आणखी वाढू?"