अस्तित्वात नसलेल्या बाईंचा गुडघा

विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे सव्वाबाई म्हणत. तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत, हे विचारायला त्या कधी गेल्या नाहीत.

नावाचं कारण साधं होतं. कोणीही प्राध्यापक संशोधनासाठी पैसे मागणारा प्रस्ताव घेऊन आला, की पगाराच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून त्या म्हणत, "हे सव्वापट करा." पगारात माणसाचे फक्त हात मिळतात, असं त्यांचं मत होतं. हातांना जोडलेला जो बाकीचा माणूस असतो तो आजारी पडतो, रजेवर जातो, म्हातारा होतो, त्याच्या घरी पाळणा हलतो. त्याचा विमा, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याच्या भरपगारी सुट्ट्या हे सगळं प्रस्तावातच मागून ठेवावं लागतं. नंतर मागायला गेलं की निधी देणारी संस्था म्हणते, तुम्हीच तर म्हणालात एवढ्यात भागेल.

प्राध्यापक मंडळी हे ऐकताना दुखवट्याला आल्यासारखी बसत. रसायनशास्त्राच्या एका सरांचा तर निवृत्त होईपर्यंत असा समज होता, की ते वरचे पंचवीस टक्के बाई घरी नेतात.

जी माणसं आधीपासून नोकरीत होती त्यांचा हिशेब सोपा. अडचण यायची ती रिकाम्या जागांची, जिथे नावाऐवजी "नेमणूक व्हायची आहे" एवढंच लिहिलेलं असे. त्यांच्यासाठी कार्यालयाने एक सरासरी दर ठरवून दिला होता. सव्वाबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "सरासरी माणूस या दारातून आत आलेला मी अजून पाहिला नाही," त्या म्हणत. म्हणून त्या प्रत्येक रिकाम्या जागेसाठी एक माणूस स्वतःच तयार करत. वय किती, घरी कोण कोण, दुखणं काय. सगळं एका वेगळ्या कागदावर लिहून काढत आणि त्याच्यावरून आकडा बसवत. तारे पाहणाऱ्यांच्या प्रकल्पात त्यांनी दात किडलेला एक अविवाहित तरुण नेमला होता. हा तरुण रजा साठवून ठेवायचा. आकडे बरोबर येत, त्यामुळे साहेबांनी कधी नाक मुरडलं नाही.

ही माणसं संध्याकाळी सव्वाबाईंच्या घरीही येत. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान बंद करून आल्यावर चहाचा कप हातात घेत ते विचारत, "काय गं, आज कोणाला नोकरी दिलीस?" मग सगळ्यांची चर्चा होई. सासूबाईंना ऐकायला कमी येई, पण मत भरपूर असे. ही माणसं खरी नाहीत, हे त्यांना दोघांनी अनेकदा सांगून पाहिलं होतं.

त्या वर्षी मुंग्यावाले सर प्रस्ताव घेऊन आले. त्यांना तीन वर्षं मुंग्यांची वाट मोडून, त्या घरी कशा परततात ते कॅमेऱ्यात टिपून पाहायचं होतं. हाताखाली एक पूर्णवेळ मदतनीस हवी होती. हे काम एक मुलगी आधीपासून तासाच्या मजुरीवर करतच होती. मैदानात प्लॅस्टिकचे पेले कडेपर्यंत पुरायचे, सकाळी त्यांत पडलेल्या मुंग्या वेचायच्या आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेट्यांना साखरपाणी घालायचं. तिला सगळे पेलेवाली म्हणत. पक्की जागा निघाली तर तिला अर्ज करता येणार होता, आणि निवड उघड स्पर्धेतून होणार असली तरी पेल्यातल्या मुंग्या नजरेने ओळखणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं. जागा निघाली नाही, तर ज्या दिवशी ताप त्या दिवशी मजुरी नाही, हे चालूच राहणार होतं.

सरांनी बाईंचा आकडा पाहिला. "बाई, हिच्या विम्यात माझा कॅमेरा गेला की."

"तासावर ठेवा. कॅमेरा परत येईल."

सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. पेलेवाली नळाशी पेले धूत होती आणि मधूनमधून कोपरानं नाक पुसत होती.

"हिला ताप आहे का?"

"काल होता. आजही असेल. विचारा."

"नको," सर म्हणाले. "राहू दे तो विमा."

त्या जागेसाठी बाईंनी बेचाळिशीची एक बाई तयार केली. दोन मुलं. धाकट्याला चष्मा; हे यजमानांचं योगदान. सासू घरातच आणि सून तिचं सगळं नीट करते. हा सासूबाईंचा आग्रह. दिवसभर उकिडवं बसून पेले पुरायचे म्हणून उजवा गुडघा दुखतो. हे बाईंचं स्वतःचं. आकडा चोख बसला. आणि प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या दिवशी, घाईगर्दीत, तो वेगळा कागद खर्चाच्या खुलाशाच्या पानांमागे लागून तसाच रवाना झाला.

अडीच महिन्यांनी निधी संस्थेचं पत्र आलं. ते हातात धरून सर जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"बाई, ही बाई कोण?"

सव्वाबाईंनी पत्र वाचलं. खुल्या भरतीच्या पदासाठी एक विशिष्ट महिला आधीच निश्चित केलेली दिसते, असं संस्थेचं म्हणणं होतं. सदर महिलेचं नाव आणि विद्यापीठातील कोणाशी नातं आहे ते कळवावं. समाधानकारक उत्तर न आल्यास पद रद्द करण्यात येईल.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

"तिचा गुडघा दुखतोय."

"तो दुखणारच. पण ती नाही."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पद गेलं तर कॅमेऱ्याचे पैसे मिळाले असते असंही नव्हतं. जायची ती फक्त पेलेवालीची जागा. आणि ती जाणार होती एका अशा बाईमुळे, जिला त्यांनी स्वतः दोन मुलं दिली होती.

दोघं कुलसचिवांकडे गेले. अशी कोणी बाई अस्तित्वात नसल्याचं पत्र हवं होतं. कुलसचिवांनी कागद दोनदा वाचला.

"आजवर नव्हती, एवढं मी लिहितो. पुढे येणार नाही याची हमी कशी देऊ? उद्या एखाद्या अर्जदाराचा गुडघा दुखत निघाला तर सही माझी आहे."

"उजवाच गुडघा, साहेब."

"बाई, तुम्ही मला आणखी घाबरवू नका."

शेवटी बाईंनी स्वतःच संस्थेला फोन लावला. पलीकडे एक गृहस्थ होते, आवाज सर्दीचा. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं: चूक माझी, कागद माझा, माणूस कल्पनेतला; रिकाम्या जागेचा खर्च काढायची माझी ही पद्धत आहे.

"सगळ्याच जागांना असं करता?"

"रिकाम्या असतील त्यांना."

"मग धाकट्याचा चष्मा कशाला?"

"विम्यात डोळे धरायचे की नाही, ते ठरवायला."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या विम्यात डोळे नाहीत."

"दातही नसतील."

"नाहीत." त्यांनी नाक शिंकरलं. "असं करा. त्या बाईंना काढा, सरासरी दराने नवा कागद पाठवा. पद राहील. पण अशी माणसं पुन्हा आमच्याकडे पाठवू नका. आमच्या समितीतल्या दोघांनी त्या गुडघ्यावर टिपण लिहिलंय."

बाईंनी त्याच दुपारी सरासरी दर लावला. तो त्यांच्या आकड्यापेक्षा किंचित जास्तच निघाला. हे त्या कोणाला बोलल्या नाहीत.

घरी ही बातमी सांगणं भाग होतं. सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे तिची नोकरी गेली?"

"आई, ती नव्हतीच."

"काढून टाकल्यावर साहेब लोक असंच म्हणतात," सासूबाई म्हणाल्या, आणि रात्रीपर्यंत सुनेशी बोलल्या नाहीत. यजमान भिंतीकडे तोंड करून हसत राहिले.

निधी आला, जाहिरात निघाली. चौघं मुलाखतीला आले. त्यांतल्या तिघांनी पेल्यात पडलेल्या कोळ्याला मुंगी म्हटलं. पेलेवालीची निवड झाली आणि ती कागद भरायला सव्वाबाईंसमोर येऊन बसली. घरी कोण, तर एक मोठा भाऊ, तोही कमावता. दुखणं काय, तर काही नाही. बाईंना इतकं रिकामं आयुष्य कधी सुचलं नसतं. मग त्यांनी भरपगारी रजेचं सांगितलं.

"म्हणजे आले नाही तरी पैसे?"

"हो."

"आणि कारण?"

"आधी कळवायचं. कारण सांगावं लागत नाही."

"मग त्या दिवशी मी करायचं काय?"

"ते नियमात नाही," बाई म्हणाल्या.

पेलेवाली सही करून गेली. पुढच्याच आठवड्यात, अगदी साध्या मंगळवारी, मुंग्यावाले सर जिना चढून आले. हातांना साखरेचा चिकटा होता आणि बाहीवरून एक मुंगी खांद्याकडे निघाली होती.

"ती आली नाही आज."

"रजेवर आहे. कालच अर्ज दिलाय."

"आजारी आहे?"

"नाही."

"लग्नकार्य?"

"नाही. आज उशिरापर्यंत झोपणार आहे म्हणाली."

सर उभेच राहिले. "बाई, सगळ्या पेट्यांना साखरपाणी मलाच घालावं लागलं."

"दिसतंय," सव्वाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावरची मुंगी पेन्सिलीच्या टोकावर घेऊन खिडकीबाहेर सोडली. "यालाच तर वरचे पंचवीस टक्के म्हणतात, सर. इतकी वर्षं तुम्ही नुसते लिहीत होतात. आज पहिल्यांदा दिसले."

सर हात धुवायला नळ शोधत गेले. बाईंनी घड्याळ पाहिलं. पेलेवाली अजून झोपलेली असावी, असा त्यांनी अंदाज केला, आणि तो बरोबर होता.