तुराट्यांचा वाफा

चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तर वडिलांना म्हणाले होते, पोरीला काम सांगा, पण पुरतं सांगा. वडील हे सोयरिकीच्या वेळी सांगायला विसरले.

मी रत्नागिरीकडची. मामा पूर्णेला रेल्वेत होते, त्यांना मुलगा पसंत पडला, म्हणून मला पूर्णेपासून दोन कोसांवरच्या गावात दिली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सासूबाईंनी छप्पन साली बौद्ध होताना देव सोडले होते. शिव्या सोडायला मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात टाकायच्या, हेही खरं. मला दोन्हींची धास्ती वाटायची.

उन्हाळ्याच्या शेवटी घरचे सगळे पहाटेच्या एसटीने पाथरीला लग्नाला गेले. संध्याकाळी परतायचे होते. जाताना सासूबाई सांगून गेल्या, मिरचीच्या रोपासाठी घरामागं वाफा करून ठेव.

आमच्याकडे रोपाची जागा आधी भाजतात. शेण, फांद्या, पाला, वर मातीचा थर, आणि मग आग. राब म्हणतात त्याला. फांद्यांना आमच्याकडे डोंगर असतो. इथे नजर जाईल तिथवर काळं रान आणि मधेच एखादा कडुलिंब. पण घरामागे तुरीच्या वाळक्या काड्यांची, तुराट्यांची, भलीमोठी गंजी होती. मला वाटलं, राबासाठीच रचलीय. अर्धी गंजी पसरली, वर ढेकळांचा जाड थर दिला आणि पेटवलं. सासरी आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा काम करताना गुणगुणले.

ती गंजी म्हणजे पावसाळाभराचं जळण होतं.

सासूबाई एसटीतून उतरल्या त्या वासावरच घरामागे आल्या. ढेकळांखाली आग गुदमरली होती आणि तुराट्यांची राख व्हायच्या ऐवजी कोळसा झाला होता. काडीनं एक कोळसा उकरून पाहिला. मग अगदी हळू म्हणाल्या, “आता सैपाक काय माह्या हाडकावर करतीस, पोरी?”

मोठे कोळसे त्यांनी शेगडीसाठी वेचून घेतले. बाकीचा चुरा, गावाला दिसायच्या आत, माझ्याकडून तिथेच खणून मातीत गाडून घेतला, आणि त्याच वाफ्यात मिरचीचं बी टाकलं. उरलेली गंजी पावसासाठी राखली; महिनाभर शेजारणीच्या गोवऱ्यांवर चूल पेटली आणि गोवरीगणिक मला ऐकून घ्यावं लागलं. निकाल मात्र पहिल्याच दिवशी लागला होता. रोप धरलं तर ठीक. नाहीतर आखाडात नव्या सुना माहेरी जातात तशी हिला धाडायची, आणि परत आणायला कुणी जायचं नाही. सासरे हसले. मला हसू आलं नाही. माहेर तीन दिवसांवर होतं.

वाफ्याची पहिली बातमी सासऱ्यांच्या तोंडून आली. म्हणजे तोंडातून. ते रोज सकाळी वाफ्याशेजारी उकिडवे बसून चूळ टाकायचे, आणि ती काळ्या मातीवर आगंतुक पाहुण्यासारखी बसून राहायची. एकदा नेम चुकला, चूळ वाफ्यात पडली आणि दिसेनाशी झाली. त्यांनी तांब्या मागवला. बाहेर ओतला, तळं झालं. वाफ्यात ओतला, गेलं. बायकोला बोलावून दाखवलं.

“पेतीय तर पेऊ द्या,” सासूबाई म्हणाल्या. “धरून ठिवती का, ते सांगा.”

माझीही भीती तीच होती. आमची तांबडी माती पाणी पिते आणि दुपारपर्यंत विसरते.

मग दोन दिवस झड लागली. काळी माती फुगली, तिनं तोंड मिटून घेतलं. गल्लीतल्या सगळ्या वाफ्यांत पाणी साचलं, रोपं बुडाशी सडून लोळली. पुढे पंधरा दिवस उघाड. त्याच मातीला भेगा पडल्या आणि उरलेल्या रोपांची मुळं तुटली. आमच्या वाफ्यातलं पाणी खाली उतरलं होतं, आणि उन्हातही बोट खुपसलं की ओल लागायची. मी दिवसातून इतक्यांदा बोट खुपसायचे की चार-पाच रोपं नुसती माझ्या काळजीनं मेली. पुष्कळ वर्षांनी शेतीखात्याच्या एका साहेबांनी समजावलं, कोळशाला बारीक भोकं असतात, त्यात पाणी दडून राहतं, आणि चिकण माती सैल पडते. मी मान डोलावली. मला तेव्हा एवढंच कळलं होतं की रोप उभं आहे.

गल्लीतल्या बायका उरलंसुरलं रोप मागायला आल्या. सासूबाई रत्नागिरीत जन्मल्यासारख्या सांगायच्या, आमच्या कोकणातली रीतच हाय ती.

आखाड लागला. मी ट्रंकेकडे बघायचंही टाळत होते. सासूबाईंनी ती स्वतःच खाली काढली. माझे डोळे भरलेले पाहून म्हणाल्या, “रडतीस कशाला? आणायला मीच येते. बघायचंय मला, एवढं जाळून तुमी लोक सैपाक कशावर करता.”

आणि आल्या. तीन दिवसांच्या प्रवासानं अंग आंबलेलं, तरी पाय धुवायच्या आधी आईच्या पडवीतला लाकूडफाटा बघून आल्या. मग आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, “इहीनबाई, समदं कुलपात ठिवा. पोरगी हितं हाय तवर.”