शिफ्ट, पाळी आणि आमच्या दाराआडची काठी

टेम्पोवाला पेणचा होता. कपाट, दोन पत्र्याच्या पेट्या, पाण्याचं पिंप आणि भाताची रिकामी कणगी चढवून झाल्यावर त्याने दोरी आवळत विचारलं, "शिफ्टिंग वरसेलाच ना? रोह्यातून आत?" बाबांनी मान हलवली. आईने सगळ्यात शेवटी एक गुंडाळलेली चटई आणली आणि ती टेम्पोत न टाकता स्वतःच्या मांडीवर घेऊन पुढे बसली. चटईत काय होतं ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

शेजारच्या दारात बायजाकाकी उभी होती. जन्मभर आमच्या घरात मीठमिरची मागायला येणारी बाई त्या दिवशी उंबरा ओलांडून आली नाही. "जा गो, बरी जा," एवढंच म्हणाली. तिचा नवरा नामाकाका ओट्यावर आमच्याकडे पाठ करून फावड्याला दांडा बसवत होता. टेम्पो सुरू झाला तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या पनवेल, रोहा, नागोठण्याला गेलेल्यांनो, त्या पाठीबद्दल मला आज लिहायचंय. बांधाबद्दलची माझी पत्रकं तुम्ही वाचलीत, काहींनी वाटलीतही. हे पत्रक नाही.

वरसेच्या भाड्याच्या खोलीत पहिल्या आठवड्यात मला काम नव्हतं. टेम्पोवाल्याचा शब्द कानात होता, म्हणून कॉलेजात घेतलेला जाड इंग्रजी-मराठी कोश काढून "शिफ्ट" उघडला. केवढा पसारा त्या एवढ्याशा शब्दाचा! सरकणे, हलवणे, बदलणे, जागा सोडणे, पाळी, पाळीवर येणारी कामगारांची तुकडी. बायकांचा एक सैल झगासुद्धा. कसंबसं भागवणे, हाही एक अर्थ. आणि अगदी खाली, दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे. मी कोश मिटला आणि कपाटावर टाकला. आजही तो तिथेच आहे.

हा शब्द आपल्या घरात कंपनीने आणला. बाबा रोह्याकडच्या कंपनीत कंत्राटावर लागले आणि आमचं जेवण, झोप, सण सगळं फर्स्ट, सेकंड आणि नाइट या तीन शब्दांवर चालू लागलं. आजीला लकवा झाला आणि पेणच्या डॉक्टरने "मुंबईला शिफ्ट करा" सांगितलं, तेव्हा आईला वाटलं आजीलाही कामावर लावतात की काय. नंतर आपला खाडीचा बांध फुटला आणि बांधाच्या सरकारी खात्याचा साहेब येऊन म्हणाला, "किनारा शिफ्ट होतोय, त्याला आपण काय करणार?" मी उभी राहून सांगितलं, "साहेब, किनारा सरकत नाही, तुमची फाइल सरकत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच वाक्य मी पुढच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं. वाक्य खरं होतं, आजही आहे. पण ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं आमच्या चटईत गुंडाळलेलं होतं.

आपल्याकडे पाळी हा शब्द कंपनीच्या आधीपासून आहे. नव्या पोरांसाठी सांगते. खाडीच्या बांधात खेकडे बिळं करतात. उधाणाच्या भरतीला त्या बिळातून बोटभर पाणी झिरपतं, घटकाभरात मनगटाएवढं येतं, आणि मग खांड पडते, बांधाला भगदाडच. म्हणून उधाणाच्या दिवसांत रोज एका घरातलं एक माणूस भरतीच्या वेळी बांध चालून बघायचं. बीळ दिसलं की पेंढा आणि चिखल कोंबून पायाने चेपायचं. बोंब मारली तर गाव धावायचं. पाळी कुणाची ते काठीवरून कळायचं. गावात एकच काठी, ऐनाच्या लाकडाची, खाली लोखंडी टोक. संध्याकाळी पाळी झालेल्या माणसाने ती पुढच्या घराच्या दाराला टेकवायची. ज्याला जमणार नाही त्याने भरतीच्या आधी काठी शेजाऱ्याला नेऊन द्यायची, आणि शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही. लिहिलेलं काही नव्हतं, सह्या नव्हत्या, पण खारी जमीन त्या काठीवर भात पिकवत होती.

बांध फुटला त्या अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी नामाकाकाने काठी आमच्या दाराला टेकवली. टेकवताना लोखंड वाजलं ते मी ऐकलं. बाबा नाइटला निघत होते. त्यांनी काठी उचलून दाराआड ठेवली आणि म्हणाले, "नवाला येतू. भरती एकाला हाय. सगला व्हतं."

सकाळी नऊला बाबा आले नाहीत. त्यांच्या जागी येणारा रिलिव्हर आला नव्हता आणि सुपरवायझरने त्यांना तसंच फर्स्टला थांबवलं, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. मी दहाला फोन लावला, अकराला लावला. कंपनीत फोन गेटवर जमा करतात. आईने दाराआड बघितलं आणि म्हणाली, "ऊठ गो, नामाला काठी देऊन ये."

मी म्हटलं, "येतील गं बाबा. मला हे आज छापायला द्यायचंय."

मी पत्रक लिहीत होते. मथळा होता, "बांध कोण राखणार?"

आईने आणखी दोनदा सांगितलं. तिचे हात पिठात होते. शेवटी ती म्हणाली, "बग बाय, तुज्या हातान हाय." मी मान वर केली नाही. एक वाजला. दीड वाजता बांधाच्या बाजूने बोंब आली. मी धावले तेव्हा खांड दरवाज्याएवढी होती. नामाकाका छातीभर पाण्यात पेंढा दाबून उभा होता आणि पेंढा त्याच्या हातातून निसटून आत जात होता. दुसऱ्या भरतीला तिथून होडी जाईल एवढी वाट झाली. पंधरा दिवसांत विहिरीचं पाणी तोंडात धरवेना.

खांड पडली त्याच संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. पाळी कुणाची? बाबा नुकते बसमधून उतरून आले होते, सोळा तास उभे राहून. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काठी माज्याकडं आलीच नाय."

नामाकाका म्हणाला, "मीच टेकवली तुज्या दाराला."

"मंग दाकव कुटं हाय ती!" कुणीतरी नामाकाकावर ओरडलं. काठी आमच्या दाराआड होती. कुणी आमचं दार उघडून बघितलं नाही, कारण बाबांच्या शब्दावर कुणाला शंका नव्हती. नामाकाकाच्या शब्दावर होती. तो कधीमधी पितो, म्हणून. मी तिथे होते. मी, जी भर सभेत साहेबाला बोलते.

त्या दिवसापासून नामाकाकाला बैठकीत कुणी बोलावत नाही. त्याच्या पोराचं ठरलेलं लग्न मोडलं. सूनच आली नाही, पोरगा हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात राहायला गेला. काका मिठागरावर एकटा रोजाने जातो. आम्ही मात्र वरसेला "बांधाने उठवलेलं कुटुंब" झालो. लोक आमच्यासाठी हळहळतात. बांधासाठी गावाने केलेल्या समितीची मी चिटणीस झाले.

इथे नळाला पाणी येतं, गोडं. बाजूच्या इमारतीतली बाई आईला "काकू, सेटल झालात का?" विचारते. आई हसते आणि आत जाऊन चटई नीट उभी करते. बाबांनी काठीचा विषय कधी काढला नाही. फक्त उधाणाच्या दिवशी ते दुपारी जेवत नाहीत. खाडी इथून दिसतही नाही.

आता खातं बांध पुन्हा घालणार म्हणतं, आणि आधी जबाब घेणार. खांड कशी पडली, पाळीवर कोण होतं. समितीने नामाकाकाचं नाव लिहून जबाबाचा कागद माझ्याकडे धाडला, भाषा नीट करायला. मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "माजा नाव लिव." मी म्हटलं, "आपल्या दोघांचं लिहिते."

गेल्या रविवारी मी काठी घेऊन गावात गेले. चटई घेतली नाही, उघडीच नेली. नामाकाका ओट्यावर होता. मी सगळं सांगितलं, पत्रकाचं, आईने तीनदा म्हटल्याचं, आणि काठी त्याच्या दाराला टेकवली. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी त्या ऐकायला गेले होते.

तो उठला. काठी हातात घेऊन त्याने लोखंडी टोकावरचा गंज अंगठ्याने खरवडला. मग ती माझ्या हातात परत दिली.

"हिकडं कशाला? माजी पाली मी केली. काठी तुमच्या दारान व्हती. तुमची झाली काय?"

आतून बायजाकाकीने विचारलं, "कोन हाय?" तो म्हणाला, "कोन नाय." आणि आत गेला.

मी काठी घेऊन वरसेला परत आले. एसटीत कंडक्टरने लोखंडी टोक बघून खाली आडवी ठेवायला लावली. आता ती दाराआड उभी आहे, चटईशिवाय. येणारा-जाणारा विचारतो, तेव्हा आई खरं काय ते सांगते. जबाब मी लिहून दिलाय, आमच्या दोघांच्या सह्यांनी. तो तुमच्यापुढे वाचला जाईल, पण कागद वाचायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. नामाकाकाला बैठकीत पुढे बसवा. आम्हाला काय शिक्षा द्यायची ती द्या.

लोक विचारतात, आता घर कुठलं, इथलं की तिथलं. भाडं वरसेला भरतो, मतदान अजून गावात आहे. पण नवा बांध उभा राहिला की पहिल्या उधाणाला पहिलं माणूस आमच्या घरातलं जाणार, बाबा नाइटवरून आलेले असोत की नसोत. ती पाळी अजून आमच्याकडेच आहे. ती केल्याशिवाय मला ते गाव माझं म्हणता येणार नाही, आणि हे वरसेही नाही.