गोष्टीला आलेली झोपलेली बाळं

मंडळी, सेलूतल्या आमच्या वाचनालयात आज सकाळी अकरा वाजता तान्ह्या बाळांसाठी गोष्टींचा कार्यक्रम ठेवला होता. आठवडाभर तयारी चालली होती. सतरंज्या धुतल्या, चित्रांचं कापडी पुस्तक शिवून घेतलं, शेळीच्या आवाजाची तर घरी तालीम केली.

आया वेळेवर आल्या. बाळं मात्र सगळी झोपलेली.

झालं असं, की वाचनालयात न्यायचं म्हणून प्रत्येकीने बाळाला तेल चोळून, गरम पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन आणलं होतं. न्हालेलं बाळ लवकर उठत नाही, हे मला सुचायला हवं होतं. मीही पोरं वाढवलीत.

मी वैतागले. पण आलेल्या बायकांना परत कसं पाठवायचं? मग हळू आवाजात त्यांनाच गोष्ट सांगितली. एक हट्टी शेळी बाजारातून एकटीच घरी निघते, एवढीच गोष्ट. बायका पुढे सरकून बसल्या. एकीने विचारलं, "मग नदी कशी वलांडली तिनं?"

निघताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी संध्याकाळी पाचला ठेवू. बाळं जागी असतील."

बाळंतपणाला माहेरी आलेली एक पोरगी बाळाला खांद्यावर घेत म्हणाली, "नका बदलू मॅडम. ह्ये झोपलं म्हनून तर मला ऐकता आली. लय दिवसांनी मला कुनी गोष्ट सांगितली."

वेळेचा कागद अजून दारावर लावलेला नाही. तुम्हीच सांगा, अकरा लिहू की पाच?